निवारा केंद्रातून प्राणी दत्तक घेणे (नाशिक)

पैसे मोजून विकत न आणता, निवारा केंद्रात किंवा प्राणिमित्र संस्थेकडे असलेले कुत्रे वा मांजर कायमचे घरी आणून सांभाळणे म्हणजे प्राणी दत्तक घेणे. नाशिकमध्ये असे प्राणी मुख्यतः रस्त्यावरून येतात: गाडीचा धक्का लागून जायबंदी झालेली कुत्री, पार्किंगमध्ये आईविना राहिलेली पिल्ले, आणि हौस फिटल्यावर मालकाने सोडून दिलेली जातिवंत जनावरे. ‘शरण फॉर अ‍ॅनिमल्स’सारख्या संस्था अशा प्राण्यांवर उपचार करतात आणि त्यांना घर शोधून देतात. पंचवटीच्या पांजरापोळीचे काम जुने आहे, पण तिचा भर गाईगुरांच्या सांभाळावर.

भटक्या कुत्र्यांसाठीचे लंडनमधील प्रसिद्ध आश्रयगृह १८६० साली सुरू झाले. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले. कुत्र्या-मांजरांना घरे मिळवून देण्याचे काम आपल्याकडच्या शहरांत मात्र फार नंतर रुजले.

दत्तक घ्यायला येणारी बहुतेक कुटुंबे दीड-दोन महिन्यांचे पिल्लू मागतात. मोठी कुत्री मागे राहतात, आणि निवारा केंद्रातून प्राणी आणण्याचा सर्वांत मोठा फायदा नेमका त्यांच्याच बाबतीत मिळतो. पिल्लू पुढे केवढे होईल, किती भुंकेल, मुलांशी कसे वागेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन वर्षांच्या कुत्रीबद्दल मात्र तिला रोज खाऊ घालणारा माणूस सगळे सांगतो: खाताना ताटलीला हात लावला तर गुरगुरते का, मांजर दिसताच पट्टा ओढते का, उगारलेल्या झाडूला बिचकते का, अनोळखी पुरुषापेक्षा बाईकडे लवकर जाते का. ही माहिती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर एकटे असतात तिथे चपला कुरतडणारे, दर दोन तासांनी फरशी ओली करणारे पिल्लू नेऊन ठेवणे हा दोन्हीकडून अन्याय आहे. त्या घराला पाच-सहा वर्षांचे, वयात येऊन निवलेले कुत्रे शोभते. म्हणून घरच्या सगळ्यांनी केंद्रात दोन-तीनदा जावे, जनावराला बाहेर फिरवून आणावे आणि मगच ठरवावे.

केंद्रातली बहुसंख्य कुत्री गावठी असतात. आखूड केस, सडपातळ बांधा, लांबट तोंड. नाशिकचे चाळिशीला पोचणारे एप्रिल-मे त्यांना सोसतात. हस्कीला हा उन्हाळा एसीशिवाय जड जातो, चपट्या नाकाच्या पगला धाप लागते, लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. गावठी कुत्रे आजारीच पडत नाही, हा मात्र घातक गैरसमज आहे. पार्व्हो, डिस्टेंपर हे विषाणूंमुळे होणारे रोग आणि गोचिडांमुळे येणारा ताप त्यालाही गाठतो.

खर्चाचाही प्रश्न आहे. चांगल्या केंद्रातून येणाऱ्या मोठ्या प्राण्याची नसबंदी, रेबीजची लस आणि जंताचे औषध सहसा झालेले असते. कानाला दिलेली खाच ही नसबंदीची खूण. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते, त्यामुळे एका नसबंदीने पुढची किती पिल्ले रस्त्यावर यायची वाचतात याचा हिशेब सहज करता येतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. दत्तक घेतल्याने हा आकडा फारसा हलत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे; तो नसबंदीनेच हलेल. एक प्राणी घरी गेला की केंद्रात एक जागा मोकळी होते आणि उपचाराची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या जखमी जनावराला ती मिळते, हा फायदा मात्र त्याच दिवशी दिसतो.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घराचा रिवाज शिकण्याचे आणि तीन महिने रुळण्याचे, असा सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. सिमेंटच्या ओट्यावर वाढलेल्या कुत्र्याचे पाय फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर फाकतात; ते भिंतीला चिकटून चालते, सोफ्याखाली शिरते, दिवसभर अन्नाला तोंड लावत नाही आणि सगळे झोपले की पाणी पिते. अशा वेळी ओढून बाहेर काढू नये. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरले तरी पुष्कळ फरक पडतो.

नाशिककरांना दोन गोष्टी विशेष सांगायला हव्यात, कारण त्या इथल्या घराघरांत असतात. द्राक्षे आणि मनुके खाल्ल्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. हंगामात पेटी जमिनीवर उघडी ठेवू नये, आणि मुलांनी लाडाने एखादा मणी भरवला तर उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मांजराला त्याचा त्रास अधिक. कांदा-लसणाच्या फोडणीची उरलेली आमटी भाकरीवर घालून देणे हा प्रेमाने होणारा अपाय आहे. साधा भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन चालते.

मखमलाबाद, गिरणारे, देवळाली या बाजूला मळ्यात राहणाऱ्यांनी रात्री कुत्रे अंगणात साखळीला बांधू नये. शेजारच्या अकोले तालुक्यातील २०१४ च्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा वजनाने सुमारे ३९ टक्के आढळला होता. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. राखणीसाठी नुसते बाहेर बांधायला जनावर हवे असणाऱ्यांना जबाबदार संस्था नकार देतात, आणि ते योग्यच आहे.

दत्तक देताना संस्था सहसा ओळखपत्र घेतात, घर पाहतात आणि करारावर सही घेतात. भाड्याच्या घरात घरमालकाची संमती विचारतात. कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करावी लागते. जमत नसेल तर प्राणी त्याच संस्थेकडे परत द्यावा, अशी अट बहुधा करारात असते. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा देताना ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे; पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड ठरला आहे तो १० ते ५० रुपयांचा.