फ्रायडे द थर्टीन्थ (चित्रपट, १९८०)

अमेरिकन स्लॅशर (एकामागून एक खून दाखवणारा) भयपट. दिग्दर्शक शॉन एस. कनिंगहॅम, पटकथा व्हिक्टर मिलर, संगीत हॅरी मॅन्फ्रेडिनी. ९ मे १९८० रोजी पॅरामाउंटने तो अमेरिकेत प्रदर्शित केला. निर्मितीखर्च सुमारे साडेपाच लाख डॉलर, तर अमेरिकेतील कमाई जवळजवळ चार कोटी डॉलर.

कथा बेताचीच आहे. क्रिस्टल लेक या तळ्याकाठचे, बरीच वर्षे बंद पडलेले मुलांचे उन्हाळी शिबिर पुन्हा सुरू करण्यासाठी काही तरुण-तरुणी तिथे येतात आणि एकेक करून मारले जातात. चित्रीकरण १९७९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील ब्लेअर्सटाउनच्या परिसरात, बालवीरांच्या एका खऱ्या शिबिरात झाले. हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन आज या मालिकेची ओळख आहे. पण या पहिल्या चित्रपटात मुखवटाही नाही आणि खुनी जेसनही नाही. जेसन हा इथे शिबिरात पाण्यात बुडालेला मुलगा आहे, आणि त्याचा सूड घेणारी त्याची आई (बेट्सी पामर) हे खून करते. मुखवटा आला तो १९८२ च्या तिसऱ्या भागात.

चित्रपट टिकला तो टॉम सविनी याच्या रंगभूषेमुळे. व्हिएतनाम युद्धात लष्करी छायाचित्रकार म्हणून सविनीने छिन्नविच्छिन्न देह जवळून पाहिले होते, आणि जखम खरी कशी दिसते याची त्याची जाण तिथली आहे. ज्याच्या यशामुळे हा चित्रपट काढण्याचे धाडस झाले, त्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) रक्त जवळपास दिसतच नाही. इथे मात्र वार होताना कॅमेरा नजर वळवत नाही. जखम प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत उघडते.

केव्हिन बेकन या नटाच्या पात्राच्या मृत्यूचे दृश्य यातले सर्वांत गाजलेले. पलंगावर पडलेल्या तरुणाच्या गळ्यातून खालून बाण आरपार येतो. प्रत्यक्षात बेकन पलंगाखाली गुडघ्यांवर बसला होता. गादीला पाडलेल्या भोकातून फक्त डोके वर काढलेले, आणि त्याला जोडून लेटेक्सची खोटी मान व छाती मांडलेली. सविनीचा सहायक टॅसो स्टाव्राकिस खाली दडून बाण वर ढकलत होता. रक्त सोडणारी नळी ऐनवेळी निसटली, तेव्हा ती तोंडात धरून त्याने जोरात फुंकली. रक्ताची ती अडखळती उसळी खऱ्या जखमेसारखी दिसली आणि तोच शॉट चित्रपटात राहिला. शेवटी जेसनच्या आईच्या शिरच्छेदात मुंडके उडाल्यावर हवेत चाचपडणारे हातही स्टाव्राकिसचेच. ते केसाळ पुरुषी हात नीट पाहिले तर ओळखू येतात, तरी दृश्याची दहशत उणावत नाही. संगणक नसलेल्या काळातली ही हातचलाखी आजही चकित करते.

एका दृश्याचे मात्र समर्थन होऊ शकत नाही. खोलीत शिरलेला साप कोयत्याने मारताना दाखवला आहे, आणि तो साप खरोखरच मारलेला आहे. एवढा कसबी कारागीर हाताशी असताना याची काहीच गरज नव्हती.

समीक्षकांनी चित्रपट झोडपला. जीन सिस्केलने तर परीक्षणात खुनी कोण हे मुद्दाम फोडले आणि पॅरामाउंटच्या मालक कंपनीच्या प्रमुखाला निषेधाची पत्रे लिहा, असे वाचकांना सांगितले. प्रेक्षक मात्र थांबले नाहीत. १९८१ मध्येच दुसरा भाग आला; जेसन खुनी असणे न पटल्याने सविनीने तो नाकारला. जेसनला मारायचे म्हणून १९८४ च्या चौथ्या भागासाठी तो परतला.