केसांच्या गोळ्या आणि ‘डी’चा रिपोर्ट : तपासणीला येण्याआधी एवढं वाचा

सोलापुरातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एकच बोलणं इतक्या वेळा झालं, की शेवटी ते छापून काढलं. आम्ही विचारतो, “काही गोळ्या चालू आहेत का?” उत्तर येतं, “नाही हो, केमो संपून चार महिने झाले. आता ती रोजची एकच.” आम्ही रक्त घेतो, रिपोर्ट देतो आणि दोन दिवसांनी कळतं, की घरी केसांच्या गोळ्यांची बाटली अर्धी संपली आहे. “ते काय औषध आहे का वो? केसांसाठी आहे ते!”

व्हिटॅमिन डीच्या तपासणीपुरतं ते औषधच आहे, आणि आम्हाला सगळ्यात जास्त छळणारं.

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या, घेत असलेल्या पुष्कळ ताई आमच्याकडे डी तपासायला येतात. कुणाचे उपचार बार्शीला, कुणाचे पुण्या-मुंबईला. केमोत केस गेलेले असतात, नवे विरळ येतात, आणि घरातलं कुणीतरी मायेने बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनच्या, गोळ्या आणून देतं. दहा मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. शरीराला बायोटिन लागतं दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम. हिशोब करा, एका गोळीत अकरा महिन्यांचा शिधा भरलेला असतो.

शरीराला त्याचा फारसा त्रास नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. घोटाळा होतो तो आमच्या मशिनमध्ये. तपासणीच्या नळीत बारीक चुंबकी कण असतात आणि बायोटिन त्यांना घट्ट चिकटतं. आमचं रसायन बायोटिनचीच शेपटी लावून त्या कणांवर बसतं आणि उजेड देतं. उजेड जितका कमी, तितकं रक्तात डी जास्त, असा मशिनचा हिशोब. आता तुमच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला असेल, तर ते आधीच जाऊन कणांवर बसतं. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. रसायनाला जागा मिळत नाही, उजेड पडत नाही, आणि मशिन समजतं की बाईंच्या अंगात डी भरपूर आहे. याच पद्धतीची मशिनं पुष्कळ लॅबमध्ये आहेत, तेव्हा दुसरीकडे जाऊन सुटका होईलच असं नाही. थायरॉईडच्या रिपोर्टलाही हाच फटका बसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे हे आमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही.

एका ताईंचा डी आमच्याकडे 90च्या वर आला (आमचे आकडे एक मिलिलिटर रक्तातल्या नॅनोग्रॅमचे). डीच्या पावडरीची पाकिटं नुकतीच सुरू झालेली, इतक्यात एवढा वाढणं शक्य नाही, म्हणून रिपोर्टवर सही करायच्या आधी आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना फोन लावला. सकाळीच केसांची गोळी घेतली होती. तीन दिवस थांबून पुन्हा रक्त घेतलं, तर 14. त्यांना हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन द्यायचं ठरलं होतं. ते देण्याआधी डी आणि कॅल्शियम ठीक असावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. पहिल्या आकड्यावर विसंबून ते दिलं गेलं असतं तर? झालं एवढंच, की तारीख पुढे गेली आणि एस.टी.ची एक फेरी वाया गेली. त्या रागावल्या, त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण गोळीबद्दल आधी सांगितलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.

म्हणून आमची विनंती : बायोटिनच्या गोळ्या, केस-त्वचा-नखांसाठीची गमी, मल्टिव्हिटॅमिन, जे काही तोंडात जातं ते पाकिटासकट आणा. आठवत बसू नका. बायोटिन असेल तर ते तीन दिवस बंद ठेवून रक्त द्यायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर बंद करण्याआधी त्यांना विचारा. आणि हे नीट लक्षात घ्या, की बंद करायचं ते फक्त बायोटिन. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल, टॅमॉक्सिफेन यांतली कर्करोगावरची रोजची गोळी तपासणीसाठी एक दिवसही चुकवायची नाही. मागे एका मावशींनी “लॅबवाल्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या” म्हणून सगळ्याच बंद केल्या होत्या. तेव्हापासून आम्ही हे लिहूनच देतो.

<b>“डी कमी आलंय, म्हणजे गाठ परत येणार का?”</b>

हा प्रश्न बहुतेक वेळा नवऱ्याला बाहेर बसवून, हळू आवाजात विचारला जातो. उपचाराचं डॉक्टरच बोलतील, पण आकड्याला किती घाबरायचं ते आम्ही सांगू शकतो.

ही भीती आली कुठून? टोरांटोच्या डॉ. पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 512 स्त्रियांचा अभ्यास छापला. स्तनाचा कर्करोग कळला त्या वेळी ज्यांचं डी 20च्या खाली होतं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत रोग दूरवर पसरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसलं. बातमी जगभर गेली. पण एकाबरोबर दुसरं दिसलं, म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. वजन जास्त असलं की रक्तातलं डी कमी दिसतं. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणूनही कमी होतं. कमी डीमुळे आजार बळावतो, की बळावलेल्या आजारामुळे डी कमी होतं, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही.

मग अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाची मोठी चाचणी झाली. आधी कर्करोग न झालेली 25,871 माणसं, निम्म्यांना रोज 2000 युनिट डी, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी, आणि पाच वर्षांहून अधिक लक्ष. 2018 मध्ये निकाल आला : स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. उपचार झालेल्या बाईची गाठ डीच्या पाकिटांनी रोखली जाते, असंही सिद्ध झालेलं नाही.

मग डॉक्टर तपासायला का सांगतात? हाडांसाठी. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल या गोळ्या अंगातलं इस्ट्रोजेन उतरवतात, आणि त्यापायी हाडं झिजतात. त्यात डी कमी असेल तर हाडांची दुरुस्ती करायला मालच नाही. तेव्हा 14 आलं तर पाकिटं घ्या, रडू नका. तो आकडा तुमच्या गाठीचं प्रगतिपुस्तक नाही.

<b>“सोलापुरात काय ऊन कमी आहे का?”</b>

ऊन पुष्कळ आहे, आपण त्यात नसतो. मे महिन्यात दुपारी बाहेर दिसतं कोण? विड्या वळणाऱ्या मावशी दिवसभर घरात, यंत्रमागावरचा माणूस पत्र्याखाली, आणि स्कूटीवरची पोरगी डोक्यापासून बोटांपर्यंत गुंडाळलेली. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण डी तयार करणारे किरण त्यात जवळपास नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळी ते मिळतात. खिडकीच्या काचेतून येत नाहीत. रेडिएशन घेतलेली त्वचा मात्र उन्हात धरू नका.

आता थोडं आमच्याबद्दल. आमच्याकडे फॉर्म लांब आहे, खरं आहे. “पलीकडे पाच मिनिटांत रक्त घेतात” हे रोज ऐकतो. रक्त आम्हीही पाच मिनिटांत घेतो. उरलेली दहा मिनिटं तुमच्या गोळ्या लिहून घेण्यात जातात, आणि बायोटिन निघालं तर डी, थायरॉईडचं रक्त आम्ही त्या दिवशी घेतच नाही. पैसे परत. त्यात आमचंच नुकसान आहे, पण चुकीच्या आकड्यावर मॅडम सही करत नाहीत.

दर महिन्याला डी तपासू नका. पाकिटं सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला वेळ लागतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर तीन महिन्यांनी या. 60,000 युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं, रोज नाही. रोज घेऊन उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान अशी लक्षणं घेऊन आलेले लोक आम्ही पाहिले आहेत. परगावचा रिपोर्ट नॅनोमोल एककात असेल आणि आकडा 50 दिसला तर हुरळू नका, आपल्या एककात तो 20 होतो. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. आमच्याकडे तुमचे जुने रिपोर्ट फाईलला असतात, नव्या आकड्याशेजारी जुना छापून मिळतो.

उपाशीपोटी यायची गरज नाही, भाकरी खाऊन या. केमो चालू असलेल्यांनी गर्दीत बसू नये, आदल्या दिवशी फोन केलात तर जुळे सोलापूर, होटगी रोडपर्यंत आमचा मुलगा घरी येऊन रक्त घेतो, वेगळा आकार नाही. तो आला की गोळ्यांचा डबा त्याच्यासमोर ठेवा.