काडतुसाच्या काठातली ठिणगी

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरत असतात. एखादा माणूस घरामागच्या माळावर पॉइंट टू टूचं, म्हणजे 0.22 इंची गोळीचं पिस्तूल घेऊन दुपारभर पत्र्याचे डबे उडवतो आणि याहून स्वस्त सराव नाही असं सांगतो. आमच्याकडचे पोट्टे ते पाहतात आणि मला विचारतात, "सर, हे इतकं सस्तं कसं काय पडते? खेळण्यातलं हाय का ते?"

खेळण्यातलं मुळीच नाही. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ पदक मिळवलं, ते याच जातीच्या काडतुसावर. विजय कुमारचं 2012 चं लंडनमधलं रौप्यपदक आणि राही सरनोबतचं 2018 च्या एशियाडमधलं सुवर्णपदक पिस्तुलाचं, पण काडतूस हेच. शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी आडवं पडून रायफलनं कागदावर गोळ्या मारल्या असतील, त्याही याच. ही स्वस्ताई पिस्तुलापेक्षा काडतुसातून जास्त येते. त्यातही काडतुसाच्या बुडाशी जो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा काठ असतो, त्यातून.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जुन्या माणसांना भरमार बंदूक ठाऊक आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी ठासायची आणि मागच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की तिच्यातलं स्फोटक भडकतं आणि ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत पोचते. 1845 साली पॅरिसचा बंदूककार फ्लोबेर यानं एक फार सुंदर युक्ती केली. त्यानं त्या टोपीच्याच तोंडात गोळी बसवली. दारू नाहीच, टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी सुटायची. लोक दिवाणखान्यात उभे राहून त्यावर नेम धरायचे. म्हणजे हे काडतूस जन्मलं तेच कमी खर्चाच्या सरावासाठी. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसननं टोपी थोडी लांबवून तिच्यात दारू घातली. 1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं आणखी लांब पुंगळीचं, म्हणजे लांब पितळी नळकांड्याचं 'लाँग रायफल' काढलं. आज जगभर चालतं ते हेच.

आता त्या काठाकडे येऊ. पितळेच्या चकतीला टप्प्याटप्प्यानं ओढून एका तोंडानं बंद नळकांडं करतात. बंद टोकाला दाब देऊन पत्रा बाहेर दुमडतात, त्यामुळे बुडाभोवती आतून पोकळ असा गोल काठ तयार होतो. या पोकळीत स्फोटक बसवायचं, पण पुंगळीचं तोंड साडेपाच मिलिमीटरचं. तिथून काठाच्या सांदीत शिरणार कसं? तर ओल्या मिश्रणाचा एक कण तळाशी सोडतात आणि आत वेगानं फिरणारी पिन घालतात. ताक घुसळताना रवी जोरात फिरली की ताक भांड्याच्या कडेनं वर चढतं, तसं ते मिश्रण बाहेरच्या दिशेनं फेकलं जाऊन काठाच्या पोकळीत सर्व बाजूंनी दाबलं जातं. मग ते वाळवतात, दारू भरतात, वर शिशाची गोळी बसवून पुंगळीचं तोंड आवळतात.

मिश्रणात मुख्यतः लेड स्टिफनेट असतं आणि सोबत काचेची बारीक पूड. काच कशाला? घर्षणासाठी. चाप ओढला की पिस्तुलातली ठोक्याची पिन काठावर पडते, काठ पिन आणि नळीची कड यांच्यात चेंगरतो, काचेचे कण स्फोटकाला रगडतात आणि त्या एका बिंदूत ते भडकतं. भडका काठातून गोल पसरतो, दारू पेटते आणि वायूचा दाब हवेच्या दाबाच्या दीड हजार पटीपलीकडे जातो. पितळ फुगून नळीला चिकटतं, त्यामुळे वायू मागं निसटत नाही. गोळी पुढे गेली, दाब उतरला, की पितळ पुन्हा आकसतं आणि पुंगळी सहज बाहेर येते. हे सगळं पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपतं.

या रचनेतून बाकीचं सगळं आपोआप निघतं. मोठ्या काडतुसांना बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी असते. ती काढून नवी बसवता येते, पुंगळी पुन्हा वापरता येते. इथं टोपी आणि पुंगळी एकच. काठ एकदा चेपला की पुंगळी भंगारात. पण सुटे भाग कमी, पितळ कमी, दारू चिमूटभर, गोळी साध्या शिशाची, म्हणून नवीनच स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट, पिनेच्या ठोक्यानं चेंगरायचा तर काठ पातळच हवा, आणि पातळ काठ फार दाब सोसत नाही. म्हणून अशा काठावर ठोका घेणाऱ्या, म्हणजे रिमफायर काडतुसाची ताकद वाढवायला मर्यादा आहे.

थोडं गणित करू. गोळी 2.6 ग्रॅमची, वेग साधारण 320 मीटर प्रतिसेकंद. ऊर्जा निघते सुमारे 133 ज्यूल. मोठ्या पिस्तुलाची 9 मिलिमीटरची गोळी 8 ग्रॅमची आणि वेग 350 धरला, तर 490 ज्यूल. धक्का मात्र संवेगावर, म्हणजे किलोतलं वजन गुणिले वेग यावर ठरतो: 0.83 विरुद्ध 2.8. पिस्तूल एक किलोचं असेल तर पहिल्यात ते 0.8 मीटर प्रतिसेकंदानं मागं येतं, दुसऱ्यात 2.8 नं. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून हाताला बसणारा दणका अकरा पटीहून जास्त. दणका मोठा असला की नवखा माणूस बार उडायच्या आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. नेमबाजी शिकायला लहान काडतूस बरं, ते पैशांपेक्षाही याच कारणानं.

दाब कमी म्हणून पिस्तूलही सोपं होतं. मोठ्या पिस्तुलात बार उडताना मागचा भाग नळीला जखडून ठेवावा लागतो. इथं नुसतं त्या भागाचं वजन आणि स्प्रिंग पुरते. 1949 मध्ये रुगर आणि स्टर्म या दोघांनी अमेरिकेत पिस्तूल काढलं, त्याची मूठ आणि सांगाडा पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून, जोडून, वेल्डिंग करून बनवला. किंमत साडेसदतीस डॉलर. सामान्य माणसाच्या सरावाचं पिस्तूल म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. याच काठापायी अशा पिस्तुलाला एक पथ्यही असतं: बऱ्याच मॉडेलांत काडतुसाशिवाय चाप ओढू नये. मध्ये काठ नसला की पिन थेट नळीच्या कडेवर आदळते आणि कड चेपते.

कधी कधी चाप ओढूनही बार उडत नाही. काठात एखाद्या जागी मिश्रण कमी पसरलेलं असतं आणि पिन नेमकी तिथं पडते. नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग काडतूस काढायचं. याला नजर लागणं म्हणत नाहीत. दसऱ्याला शस्त्रपूजा करा, श्रद्धेनं करा, पण ओलं हळद-कुंकू नळीत आणि पिनेच्या खाचेत जाऊ देऊ नका. त्यानं गंज चढतो, आणि गंजलेल्या पिनेचा ठोका कमजोर पडतो.

लहान गोळीनं काही होत नाही, हा समज त्याहून घातक आहे. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत, ते योग्यच आहे. रानडुक्कर किंवा रोही वावरात शिरतात म्हणून कोणी या पिस्तुलाचा विचार करत असेल, तर तो सोडून द्यावा. 133 ज्यूलमध्ये जनावर जखमी होऊन तडफडत फिरेल, आणि वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळा.

आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 चा. पिस्तूल कितीही लहान असलं तरी परवाना हवा, काडतुसांवरही मर्यादा. मग गावच्या पोरानं करावं काय? 10 मीटर एअर पिस्तूल. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सहाएक ज्यूलनंच निघतो. दारू नाही, धक्का जवळजवळ नाही, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं. मनू भाकरनं पॅरिसची दोन्ही पदकं याच प्रकारात मिळवली, आणि तीच मुलगी तिथं पॉइंट टू टूच्या 25 मीटर प्रकारात चौथी आली. श्वास, चाप, नजर यांचं शिक्षण दोन्हीकडे सारखंच. छर्रा डोळा फोडू शकतो, म्हणून मागं भक्कम भिंत किंवा जाड फळी हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवा. एनसीसीची सोय असलेल्या कॉलेजात नाव घातलं तर खरी पॉइंट टू टू रायफलही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हातात येते.

शिशाचं तेवढं लक्षात ठेवा. छर्रा शिशाचा, गोळी शिशाची, रिमफायरच्या काठातल्या स्फोटकातही शिसं. बंद खोलीत सराव करू नका, खिडक्या उघड्या ठेवा. खाली पडलेली धूळ कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.