क्रोनोग्राफचा सेकंदकाटा शून्यावर कसा परतू लागला

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत कधीतरी आजोबांचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, कपाटातून निघतं. चावी दिली की चालतंही, पण मधला लांब सेकंदकाटा बारावर ढिम्म उभा. मग ‘काटा अडकलाय’ म्हणून ते राजवाड्याजवळच्या एखाद्या घड्याळजीकडे जातं. बहुतेकदा अडकलेलं काहीच नसतं. रोजचे सेकंद छोट्या तबकडीतला काटा मोजतो. मधला काटा वरचं बटण दाबल्यावरच निघतो. तेव्हा एक चालतं दातेरी चाक सरकून या काट्याच्या चाकात गुंततं. पुन्हा दाबलं की ते सुटतं आणि काटा थांबतो.

अवघड होतं ते थांबलेल्या काट्याला क्षणात शून्यावर आणणं. १८१६ मध्ये फ्रेंच घड्याळकार लुई मॉइने यांनी खगोलवेधांसाठी केलेल्या यंत्रात ती सोय होती, सेकंदाचा साठावा भागही मोजता येई. पण ते यंत्र जगासमोर आलं थेट २०१३ मध्ये. तोवर पहिल्या क्रोनोग्राफचा मान घड्याळकार निकोला रियुसेक यांचा होता. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यांचं यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवून वेळ नोंदवत होतं.

खरी किल्ली सापडली ती घड्याळकार अ‍ॅडॉल्फ निकोल यांच्या १८४४ च्या पेटंटमध्ये. काट्याच्याच आसावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची चकती. बटण दाबलं की हातोडी तिच्या कडेवर आदळते, आणि चकती कुठल्याही स्थितीत असो, घसरत फिरून खाचेपाशीच थांबते. वीस सेकंदांवर थांबवून बघा, काटा उलटा मागे येतो. चाळिसावर थांबवलात तर पुढे जाऊन बाराला टेकतो. जवळची बाजू तो बदामच निवडतो! पावणेदोनशे वर्षं झाली तरी यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये हीच युक्ती चालते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे १९१३ मध्ये लाँजिन या स्विस घड्याळ कंपनीने खास मनगटासाठी क्रोनोग्राफ यंत्र काढलं. १९३४ मध्ये ब्राइटलिंगने शून्यावर आणण्यासाठी वेगळं, दुसरं बटण दिलं. त्यामुळे थांबवलेला काटा तिथूनच पुढे चालवता येऊ लागला. १९६९ मध्ये आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफही आले.

काटा बाराच्या थोडा अलीकडे-पलीकडे थांबत असेल, तर बदामाला लगेच दोष देऊ नका. पुष्कळदा काटाच आसावर किंचित सरकलेला असतो. घड्याळजी तो काढून नीट बसवून देतो.