फुफ्फुस तरंगले म्हणजे बाळ जिवंत जन्मले होते का?

‘मृत नवजात बाळाचे फुफ्फुस पाण्यावर तरंगले, तर ते जिवंत जन्मले आणि नंतर मारले गेले,’ हा समज फार जुना आहे. 17व्या शतकापासून युरोपातील न्यायालयांत ही चाचणी वापरली गेली आणि तिच्या आधारावर मातांवर खुनाचे आरोप ठेवले गेले.

श्वास घेतलेल्या फुफ्फुसात हवा शिरते व ते हलके होते, हे खरेच आहे. त्यामुळे हा तर्क कोणालाही पटण्याजोगा वाटतो. मात्र हवा शिरण्याचा श्वास हा एकच मार्ग नव्हे. घाबरलेल्या आईने किंवा सुईणीने निपचित बाळाच्या तोंडात फुंकर मारली, तरी हवा आत जाते; शरीर कुजू लागले की वायू तयार होतात. उलट, अपुरा श्वास घेतलेल्या किंवा न्यूमोनिया झालेल्या बाळाचे फुफ्फुस बुडू शकते. लंडनमधील एका प्रसूतितज्ज्ञाने हा धोका 18व्या शतकातच लिहून ठेवला होता.

पडताळायचे असेल, तर शवविच्छेदनाच्या अहवालात पाहावे: शरीर कुजलेले होते का, यकृताचा तुकडाही पाण्यात टाकून पाहिला होता का (तोही तरंगला तर चाचणी निरुपयोगी ठरते), आणि फुफ्फुसाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली का. शिवाय बाळाने श्वास घेतला हे सिद्ध झाले, तरी त्याचा मृत्यू कसा झाला, हे भांड्यातले पाणी सांगूच शकत नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या, रक्तस्रावाने थकलेल्या बाईला एवढ्यावरून खुनी ठरवणे हा घोर अन्याय आहे.