व्यायामपालन

उपचार म्हणून नेमून दिलेला व्यायाम रुग्णाने ठरल्याप्रमाणे करत राहणे, याला व्यायामपालन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात उपचारपालनाच्या व्याख्येत रुग्णाची सहमती धरलेली आहे. रुग्णाला न पटलेला सल्ला तो पाळत नसेल, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

गुडघ्याच्या संधिवातात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम सोपे असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, काही सेकंद धरायचे, सोडायचे. पण ते घरी, एकट्याने, महिनोन्महिने करायचे असतात. गोळीने तासाभरात बरे वाटते. स्नायूंत ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. बरेच जण सोडतात ते या मधल्या काळात.

नेदरलँड्समध्ये फिजिओथेरपी घेणाऱ्या सुमारे १,२०० रुग्णांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जेमतेम ३५ टक्के रुग्ण सांगितलेला व्यायाम पूर्णपणे करत होते. न करण्यामागे मुख्यतः रोजच्या अडचणी, 'बरोबर करताय' असे कोणी न सांगणे आणि आजारापुढे वाटणारी हतबलता ही कारणे आढळली. नैराश्य, घरच्यांचा आधार नसणे आणि 'हे मला जमेल' या विश्वासाचा अभाव यांचाही परिणाम होतो. या विश्वासाची संकल्पना मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडली.

शब्दांचा परिणाम मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. 'गादी झिजली आहे' असे ऐकून आलेला माणूस गुडघा जपायला लागतो. वापरला तर आणखी झिजेल, हा त्याचा हिशेब. व्यायाम करताना थोडे दुखले की ती भीती पक्की होते. वास्तविक एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही, आणि सौम्य, तात्पुरते दुखणे म्हणजे इजा नव्हे. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. 'दिवसभर घरकाम करते, वेगळा व्यायाम कशाला?' या प्रश्नालाही नीट उत्तर द्यावे लागते: घरकामात ठरावीक स्नायूंवर हळूहळू वाढता भार येतोच असे नाही.

आठ व्यायामांच्या कागदापेक्षा दोन-तीन नेमके व्यायाम अधिक टिकतात, विशेषतः वृद्धांमध्ये. ते चहा किंवा संध्याकाळचा दिवा अशा ठरलेल्या वेळेशी जोडले की लक्षात राहतात. देखरेख संपल्यावर पालन घसरत जाते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा एखादी भेट ठेवणे उपयोगी ठरते.