टी पेशीत कॅल्शियम शिरतं कसं

इंदूरच्या दवा बाजारात कॅल्शियमच्या गोळ्यांना बाराही महिने गिऱ्हाईक असतं. हाडांसाठी घेतल्या तर ठीक, पण 'कॅल्शियमनं प्रतिकारशक्तीही वाढते' असं त्यासोबत सर्रास ऐकू येतं. प्रतिकार करणाऱ्या पेशींना कॅल्शियम लागतं हे खरंच आहे. मात्र निरोगी माणसाच्या रक्तात त्यांना ते कमी पडत नाही. रक्तातलं मुक्त कॅल्शियम लिटरला साधारण १.१ ते १.३ मिलिमोल असतं. जेवणात काही कमीजास्त झालं तरी पॅराथायरॉइड ग्रंथी, ड जीवनसत्त्व आणि हाडांतला साठा मिळून ते तेवढंच राखतात. प्रतिकार करणाऱ्या पेशींपैकीच एक असलेल्या टी पेशीचं काम अडतं ते तिच्या पटलातल्या, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या दारापाशी.

निवांत टी पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम लिटरला जेमतेम १०० नॅनोमोल, म्हणजे बाहेरच्या दहा हजारांश असतं. हा फरक टिकवण्यासाठी पटलावरचे पंप एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून कॅल्शियम सतत बाहेर फेकत असतात. शिवाय पेशीची आतली बाजू ऋणभारित असते. त्यामुळे दार जरा किलकिलं झालं, तरी धनभारित कॅल्शियम आत धाव घेतं.

ते दार उघडण्याची तऱ्हा थोडी आडवळणाची आहे. टी पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) ओळखीचा प्रथिन-तुकडा भेटला, की आत एन्झाइमांची साखळी सुरू होते आणि शेवटी आयपी-३ नावाचा छोटा रेणू सुटतो. तो पटलावरच्या दाराकडे जात नाही. तो जातो पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेकडे, म्हणजे आतल्या पडद्यांच्या जाळ्याकडे, आणि तिथला कॅल्शियमचा साठा मोकळा करतो. हा साठा छोटा असतो, मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. पण साठा रिकामा होणं हाच पुढचा निरोप असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की बॉलकॉक उतरतो आणि नर्मदेच्या नळाचं पाणी सुरू होतं, तसंच हे. फरक इतकाच, की इथे पाणी आधी टाकीत न पडता घरात शिरतं, आणि घरात पाणी भरणं हाच तर संदेश! साठा रिता झाल्यानं बाहेरचं दार उघडत असावं, ही कल्पना जेम्स पटनी यांनी १९८६ साली मांडली. पण बॉलकॉक कोणता आणि नळ कोणता, हे कळायला आणखी वीस वर्षं गेली.

२००५ मध्ये बॉलकॉक सापडला, तो म्हणजे स्टिम-१. जालिकेच्या पडद्यात बसलेल्या या प्रथिनाचं एक टोक आतल्या कॅल्शियमला धरून असतं. कॅल्शियम सुटलं की स्टिम-१चे रेणू एकमेकांना बिलगतात आणि जालिका जिथे पेशीपटलाच्या अगदी जवळ, १०-२० नॅनोमीटरवर येते, तिथे गोळा होतात. पटलात तिथेच ओराय-१ असतं. २००६ मध्ये सापडलेलं हेच ते दार. स्टिम-१नं पकडलं की ते उघडतं.

ओराय-१चा शोध लागला तो जन्मजात तीव्र प्रतिकारदोष असलेल्या मुलांमुळे. त्यांच्या रक्तात टी पेशी मोजल्या तर संख्येनं ठीकठाक, पण कामाच्या बाबतीत शून्य. कारण ओराय-१मधल्या ९१व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आलं होतं. एवढ्यानं दार कायमचं बंद. अशा बाळाला कॅल्शियमच्या कितीही गोळ्या दिल्या तरी टी पेशीला त्याचा उपयोग नाही.

हे प्रयोगशाळेत स्वच्छ दिसतं. पेशींमध्ये फ्युरा-२ हा कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणारा रंग भरतात आणि ३४० व ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचं गुणोत्तर काढतात; त्यावरून आतलं कॅल्शियम कळतं. पेशी आधी कॅल्शियमविरहित द्रावात ठेवून थॅप्सिगार्जिन (साधारण १ मायक्रोमोलर) घालतात. ते जालिकेचा भरणा करणारा पंप बंद पाडतं, साठा गळून जातो आणि आलेखावर छोटा उंचवटा उमटतो. तो बसला की बाहेर २ मिलिमोलर कॅल्शियम घालायचं. आलेख सरळ वर जातो. ओराय-१ बिघडलेलं असेल तर पहिला उंचवटा येतो, दुसरा येत नाही. फसगतीच्या जागा ठरलेल्या आहेत. रंग जास्त झाला तर तोच कॅल्शियम शोषून घेतो आणि चढ बुटका दिसतो. ३७ अंशांवर फार वेळ ठेवलं तर रंग जालिकेत शिरतो किंवा पेशीबाहेर गळतो. द्रावात पोटॅशियम जास्त पडलं तर पेशीचा ऋणभार उतरतो आणि दार उघडं असूनही कॅल्शियम सुस्तावतं. रक्तही हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या नळीत घेतलेलं बरं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियमच बांधून टाकतं.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मॉड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ते कॅल्सिन्यूरिन या एन्झाइमाला जागं करतं, आणि कॅल्सिन्यूरिन एनफॅट या प्रथिनावरचे डझनभर फॉस्फेट उतरवतं. मोकळं झालेलं एनफॅट केंद्रकात जाऊन इंटरल्यूकिन-२चं, म्हणजे टी पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतं. पण कॅल्शियम उतरलं की एनफॅट काही मिनिटांतच परत बाहेर येतं. म्हणून दार कित्येक तास उघडं राहावं लागतं. आणि नुसतं कॅल्शियमही पुरत नाही. टी पेशीवरच्या सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहकाचा जोडसंकेत आला नाही, तर एकटं एनफॅट टी पेशीला उलट बधिर करतं. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हा हिशेब इथे मुळातच चुकतो.

किडनी बदललेल्या रुग्णाला मिळणारं टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नेमकं कॅल्सिन्यूरिनला अडवतं, म्हणजे कॅल्शियम शिरल्यानंतरची पायरी. त्यामुळे कॅल्शियमची गोळी घेतल्यानं टॅक्रोलिमसनं दाबलेल्या टी पेशी पुन्हा जाग्या होत नाहीत. कॅल्सिन्यूरिन इतर पेशींतही असतं, म्हणून हातांना कंप, साखर वाढणं आणि खुद्द किडनीला इजा हे दुष्परिणाम होतात. याच कारणानं रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. इथे मात्र जांभळीच नळी लागते, कारण हे औषध मुख्यतः लाल पेशींत बसतं आणि अख्खं रक्त तपासायचं असतं. नमुना सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचा. गोळी घेऊन गेलं तर आकडा खोटाच फुगतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल किंवा ग्रेपफ्रूटनं पातळी चढते, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिननं ती कोसळते. पावसाळ्यातले जुलाबही ती वाढवतात. तेव्हा दोन-तीन दिवस पोट बिघडलेलं असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवून पातळी तपासून घ्यावी.